चालत येऊन द्यायची नोटीस

आमच्या घरमालकांनी मला घर दिलं ते मी केळं कसं खाते ते बघून. नोकरी काय, गाव कुठलं, लग्न का नाही केलंत, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. वसईजवळच्या गिरीज गावातल्या त्यांच्या वाडीत मी एजंटाबरोबर गेले, तर त्यांनी एक पिकलेलं केळं माझ्या हातात ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. मला वाटलं पाहुणचार चाललाय. मी केळं खाल्लं, साल टाकायला डबा दिसेना म्हणून शेजारच्याच केळीच्या बुंध्याशी ठेवली. मालक उठले आणि चावी आणून दिली. माझ्याआधी एक जोडपं येऊन गेलं होतं, दोघंही चांगल्या कंपनीत. नवऱ्याने अर्धंच केळं खाल्लं म्हणून त्यांना घर मिळालं नाही. हे मला काकीने, म्हणजे मालकांच्या बायकोने, पुढे कधीतरी सांगितलं. "आर्धं केळं टाकनारा मानूस घर काय सांभाळनार," असं मालकांचं मत पडलं म्हणे.

मी मूळची कराडची. वसईत एका शाळेत मराठी शिकवते. मी मराठीची टीचर, एवढ्या एका गोष्टीचा मालकांनी इतका धसका घेतला होता की माझ्याशी ते साधं बोलतच नसत. घरात काकीशी त्यांची आपली गावची बोली, झरझर, मला त्यातला एक शब्द कळायचा तर चार सुटायचे. माझ्याकडे वळले की मात्र थेट चर्चमधलं वाचन सुरू. "टीचर, आपणांस काही उणे नाही ना?" मी म्हणायची, "काका, नळाला पाणी नाही." ते म्हणायचे, "ते लवकरच प्राप्त होईल."

आणि तक्रार तर माझ्याकडे कधीच नाही. तक्रार असली की ती कुत्र्याला सांगायची. कुत्र्याचं नाव टायगर, आणि हा वाघ मांजराला बघून खाटेखाली शिरणारा. मी कधी मोटर बंद करायला विसरले की मालक माझ्या खिडकीखाली यायचे, टायगरला समोर बसवायचे आणि मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्याला झापायचे. "टायगर, टाकी भरून वाहतेय. लाज वाटते का काही?" टायगर बिचारा कान पाडून बसायचा. मला इतकं ओशाळायला व्हायचं की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या. मी एकदा चिडून बाहेर आले आणि म्हटलं, "काका, मला सांगा ना सरळ." तर दोन्ही हात जोडून म्हणाले, "टीचर, आपला काय दोष?" आणि टायगरकडे असं बघितलं, जसं काही सगळं त्याच्यामुळेच झालंय.

मालक म्हणजे सहा फूट उंच, सुकलेल्या बोंबलासारखे बारीक, आणि हिवाळ्यात तोंडलीच्या वेलांना पाणी घालताना अंगात लाल कोट. सोनेरी गोंड्यांचा, पितळी बटणांचा. हा कोट बँडचा. तरुणपणापासून ते गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायची छोटी पितळी तुतारी, वाजवायचे. इथल्या ख्रिस्ती लोकांत लग्नालाही बँड आणि मयतालाही बँड. मग डीजे आला आणि लग्नं गेली. मयतं तेवढी उरली. "मेलेल्या माणसाला डीजे लावत नाहीत, ही देवाची कृपा," मालक म्हणायचे. काकी घरात कॉर्नेट वाजवू द्यायची नाही, म्हणून रोज सकाळी ते केळींच्या मध्ये उभे राहून वाजवायचे. सूर ऐकला की घड भरतो, असं त्यांचं ठाम मत. गावात बाकी कोणाच्या केळी सूर ऐकत नव्हत्या आणि त्यांचेही घड तेवढेच भरत होते, पण हे त्यांना सांगणार कोण?

अशा या माणसाच्या वाडीत मी सुखात राहत होते, आणि एका पावसाळ्यात मला ताप आला. ताप गेला, पण जाताना माझे पाय घेऊन गेला. आधी तळव्यांना मुंग्या, मग गुडघे, मग एका सकाळी मी खाटेवरून उतरायला गेले आणि सरळ खाली बसले. पाय होते, दिसत होते, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. मालकांनी आणि काकीने मला रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, ताप येऊन गेला की कधी कधी होतो, पाय बहुतेक परत येतील पण सावकाश येतील. बहुतेक, हा शब्द मी तिथे पडल्या पडल्या किती वेळा घोळवला असेल त्याला गणती नाही. मला फार भीती वाटत होती. एकटं राहणाऱ्या बाईचे पाय म्हणजे तिचं सगळं घरदार असतं.

हॉस्पिटलात मालक आले ते केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन, अर्धा पिकलेला, अर्धा हिरवा. ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी तो सलाइनच्या स्टँडला बांधला. नर्स आली, तिने एका बाजूला सलाइन आणि दुसऱ्या बाजूला घड बघितला आणि मला विचारलं, "हे कोण तुमचे?" मी म्हटलं, "घरमालक." तिचा विश्वास बसला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "आमचा घरमालक तर आम्ही शिंकलो तरी घर रिकामं करायला सांगतो." मालक त्यांनाही एक केळं देऊन आले आणि त्या कशा खातात ते बघत बसले.

मला सोडायच्या दिवशी कराडहून माझा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. भाऊ चांगला आहे, वहिनीही चांगली आहे. त्यांनी हॉल रिकामा करून तिथे माझ्यासाठी पलंग टाकला होता. "आक्का, गुमान चल. हितं तुला कोण बघणार?" त्याचं काय चुकलं? पण मला जायचं नव्हतं. त्या हॉलमधल्या पलंगावर मी एकदा पडले की माझी शाळा, माझी खोली, माझं कुलूप, सगळं संपलं, आणि उरणार ती जागेवरची आत्या, हे मला लख्ख दिसत होतं. पण 'मी येणार नाही' म्हणायला अंगात थोडं तरी बळ लागतं. मी एवढंच म्हटलं, सामान घ्यायला वाडीवर तर जाऊ.

वाडीवर मालक दारातच उभे होते, लाल कोट घालून, भर पावसाळ्यात. भाऊ म्हणाला, "काका, आक्काला घेऊन चाललोय. खोली रिकामी करतो."

मालक म्हणाले, "तशी नोटीस मिळालेली नाही."

"देतो की आत्ता. कागद द्या."

"कागद चालत नाही. या वाडीचा नियम आहे. भाडेकरूने स्वतःच्या पायांनी चालत येऊन, मालक ओट्यावर बसलेला असताना, तोंडाने सांगायचं."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी गाडीच्या मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये बसलेली. माझी खोली वाडीच्या या टोकाला आणि मालकांचा ओटा त्या टोकाला, मध्ये सगळी केळीची बाग. भाऊ भडकला. "अहो, माणूस जाग्यावरनं हलत नाही आणि तुम्ही नियम काय सांगताय? काही माणुसकी हाय का न्हाई?"

"नियम सर्वांस सारखा," मालक म्हणाले.

भावापेक्षा मी जास्त भडकले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज नीट फुटला. "येईन," मी म्हटलं. "चालत येईन त्या ओट्यावर, आणि तुमच्या तोंडावर सांगीन की सोडतेय मी तुमचं घर. बघाच." मालकांनी मान झुकवली. "आम्ही वाट पाहू," म्हणाले. मग काकीने भावाला आत नेऊन जेवायला घातलं आणि सांगितलं, टीचरचं अंघोळपांघोळ मी करते, तू नाताळात गाडी घेऊन ये. भाऊ शेवटी एकटाच गेला. मी खोलीत पडून रात्रीचं जेवण येईपर्यंत मालकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, कराडच्या, ठेवणीतल्या.

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी माझ्या आजारपणाचा ताबा घेतला. आमचा संडास बाहेर आणि देशी. त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिला मधोमध भोक पाडलं आणि माझ्यापुढे आणून ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं तोंड बघून मालक ती खुर्ची घेऊन अंगणात गेले आणि सगळे कपडे अंगावर घालून, भर दिवसा, रस्त्यावरून जाणारे-येणारे बघत असताना, तिच्यावर पेपर वाचत बसले. पाववाला थांबला. मालक त्याला म्हणाले, "अतिशय आरामशीर आहे." त्यानंतर लाजायला माझ्याकडे काही उरलंच नाही.

भाड्याचा विषय मी काढला की ते कॉर्नेट तोंडाला लावत. पुन्हा काढला की पुन्हा लावत. शेवटी काकीच मला म्हणाली, "बाय, नको विचारू गं, माझं डोकं फुटेल आता."

मग एक दिवस बागेतून ठोकाठोकीचा आवाज आला. केळीचा घड जड झाला की झाड वाकतं, म्हणून त्याला बांबूचा टेकू देतात. मालकांनी आपल्या केळींचे टेकू उपसले होते आणि माझ्या खोलीच्या दारापासून, तोंडलीच्या मांडवाखालून, थेट त्यांच्या ओट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी बांबूचा कठडा बांधला होता. काकी संतापली. संध्याकाळी वारा सुटला आणि भरल्या घडाच्या दोन केळी आडव्या झाल्या, मग तर विचारू नका. मालक खिडकीखाली आले, टायगरला बसवलं आणि म्हणाले, "टायगर, केळीला बाजूने पिल्लं फुटतात. एक पडली तर दुसरी येते. टीचरला पिल्लं फुटत नाहीत." मी उशीत तोंड खुपसून हसत होते, आणि मग हसता हसता रडायला आलं. खूप रडले.

विरारहून एक फिजिओथेरपीवाली मुलगी स्कूटरवर यायची. ती मला कठड्यात उभी करायची. "मॅम, घाई नको ना. स्लो. एक पाय टाका, थांबा, दुसरा जवळ आणा. मनात बीट पकडा." मला कुठला बीट पकडता येतोय? मी धडपडायची. मालक बघत होते, ते म्हणाले, "मनात कशाला?" आणि कॉर्नेट घेऊन आले. पहिल्यांदा त्यांनी वरातीचं वाजवलं. ते इतकं जोरात की मी तिसऱ्या पावलाला कठड्यावर आदळले. "याहून स्लो काही आहे का, अंकल?" मुलीने विचारलं. मालक विचारात पडले. मग म्हणाले, "एक आहे."

ते सुरू झालं आणि खरं सांगते, माझे पाय चालायला लागले. इतकं संथ, इतकं हळू, की एक पाऊल टाकावं, श्वास घ्यावा, दुसरं ओढून आणावं, आणि तरी सूर पुढे गेलेला नसावा. मुलगी खूश झाली. "किती पीसफुल आहे," म्हणाली आणि फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. मलाही आवडलं. आता मी कराडची, ती विरारची. आम्हाला कुठे माहीत की गावात हा सूर शवपेटीमागे चालताना वाजतो आणि बाकी कधीच वाजत नाही?

पण गावाला माहीत होतं. टीचर अत्यवस्थ आहे असंही गावात पसरलं होतं. त्या दिवशी वारा रस्त्याकडे होता. मी कठड्याच्या मध्यावर असताना फाटकातून काळे कपडे घातलेल्या दोन बायका आल्या, त्यांच्यामागे आणखी पाच-सात, कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात मेणबत्त्या. चर्चची घंटा वाजवणारे बाप्ये आले ते काकीला विचारायला लागले की घंटा कधी वाजवायची. मी काकीचा ढगळ गाऊन घातलेली, केस विस्कटलेले, दोन्ही हातांनी बांबू धरलेले. एक म्हातारी डोळे पुसत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "टीचर कधी गेल्या वो?"

मी म्हटलं, "अजून ओट्यापर्यंत जायचंय."

मालकांना हे सगळं दिसत होतं. पण सूर थांबवला तर मी मध्येच पडणार, म्हणून ते थांबेनात. डोळ्यांनी लोकांना खुणा करताहेत, गाल फुगलेत, मानेच्या शिरा तट्ट, आणि वाजतंय तेच. लोकांना वाटलं दुःख अनावर झालंय. सगळे कठड्याच्या दोन्ही बाजूंनी मान खाली घालून उभे राहिले आणि त्यांच्यामधून मी, माझ्याच मयताला, एकेक पाऊल टाकत गेले. तोंडलीच्या मांडवापाशी आम्ही थांबलो तेव्हा कुठे मालकांनी कॉर्नेट काढलं आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, ही जिवंत आहे."

आलोच आहोत तर म्हणून लोकांनी प्रार्थना म्हटली. काकीला सगळ्यांना चहा करावा लागला. म्हातारीने फुलं परत नेणं बरं दिसणार नाही म्हणून माझ्याच हातात दिली. त्या दिवसापासून रोज सूर लागला की कोणी ना कोणी फाटकाशी येऊन उभं राहायचं. "आज मांडव ओलांडला," "आज कालच्यापेक्षा बरं हाय," असं आपापसात चालायचं. पाचूबंदरची मासेवाली तर टोपली खाली ठेवून सल्ले द्यायची, "छाती काढून चाल गो." तिकडे फिजिओथेरपीवाल्या मुलीने आपल्या सगळ्या पेशंटना तेच रेकॉर्डिंग लावायला सुरुवात केली. विरारचे लोक छान चालत होते म्हणे. मग चंदनसारच्या एका आजोबांना लावलं. ते मूळचे वसईचे निघाले. पहिला सूर ऐकला आणि हात जोडून म्हणाले, "पोरी, एवढ्यात नको गं पोचवू."

दिवाळी गेली. आणि मालकांनी कठडा उपसायला घेतला. ओट्याकडून सुरुवात केली, आज एक बांबू, परवा एक. मी चिडले. म्हटलं, "काका, मला धरायला लागतं ना." "केळींस आवश्यकता आहे," म्हणाले. मी रोज बघायची, माझा आधार रोज आखूड होतोय. मी तणतणत काकीकडे तक्रार केली. काकी भाजी चिरत म्हणाली, "बागेत आता भरलेले घड कुठे हायत एवढे?" मी बागेकडे बघितलं. उपसलेले बांबू मागच्या भिंतीला नुसते टेकवून ठेवले होते.

नाताळच्या सुट्टीत भाऊ गाडी घेऊन आला. वहिनीने मागच्या सीटवर गादी घातली होती. गावातली माणसं फाटकाशी जमली. मी खोलीच्या दारात उभी राहिले. कठडा आता फक्त मांडवापर्यंत उरला होता, पुढे ओट्यापर्यंत उघडी वाट. मालक आले, पण हातात कॉर्नेट नाही.

"काका, सूर?"

"टीचर, नोटीस घ्यायची तर मी ओट्यावर बसलेलो हवा. वाजवायचं तर आपल्यापुढे हवा. दोन्ही कसं साधावं?" असं म्हणून ते निघून गेले आणि ओट्यावर जाऊन बसले, लाल कोटाची बटणं लावून.

मी निघाले. मांडवापर्यंत बांबू होते, तोवर ठीक. मांडवाच्या पुढे हात अधांतरी झाले. भाऊ धावला, त्याला काकीने दंडाला धरून मागे ओढलं. माझ्या चपलांचा फरफर आवाज तेवढा येत होता. इतके महिने मी ठरवून ठेवलं होतं की काय सुनवायचं या माणसाला, शब्दन् शब्द पाठ होता. ओट्याची पायरी आली तेव्हा मी घामाने भिजले होते आणि त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"काय काम काढलंत?" मालक म्हणाले.

"घर सोडायची नोटीस द्यायला आलेय."

"मिळाली. आपण कशा आलात?"

"दिसत नाही? चालत."

"एकट्या?"

"एकटी."

मालक भावाकडे वळले. "चालता येत नव्हतं, म्हणून या आपल्याकडे येणार होत्या. बरोबर?"

भाऊ म्हणाला, "हो."

"आता चालता येतं. मग जायचं कशासाठी?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी मटकन ओट्यावर बसले. भाऊ घाबरून जवळ आला, "आक्का, काय होतंय?" मी पायांना हात लावला. पोटऱ्या ठणकत होत्या, तळव्यांना चपलेत शिरलेले खडे टोचल्याचं कळत होतं, डाव्या अंगठ्याला चप्पल चावली होती.

"पाय दुखतायत," मी म्हटलं, आणि सगळ्या गावासमोर भोकाड पसरलं. "अरे, पाय दुखतायत माझे."